डाव्या पायाची रजा

एक्स-रे दिव्याच्या पाटीवर लावून डॉक्टर म्हणाले, "पायऱ्या कमी करा, मांडी घालून बसणं बंद, आणि गाडी कुठली चालवता?" मी नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही म्हणून फोनमधला फोटो दाखवला. फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी नीट पाहिला. "ही चालवता? मला वाटलं लग्नात भाड्यानं देत असाल."

डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली होती. ऑपरेशन लांबवता येईल, पण क्लच जपून मारा, असं त्यांचं म्हणणं. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून ज्यानं म्हापसा-पणजी केलं आहे त्यानं सांगावं, क्लच जपून कसा मारायचा ते. चार फूट पुढे, थांब. चार फूट पुढे, थांब. मांडवीचा पूल येईपर्यंत माझा गुडघा नारळासारखा झालेला असे.

घरात दुसरी गाडी आहे. बायकोची, गिअर बदलायची कटकट नसलेली, एसीवाली. त्यामुळे अडलं काहीच नव्हतं. अडलं होतं ते फक्त बेबोचं.

बेबो म्हणजे आमच्या कोकणीत बेडूक. हे नाव वाड्यावरच्या पोरांनी ठेवलं. गाडी बुटकी, पाठ गोल, पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, रंग फिकट पिस्ता. लांबून पाहणाऱ्याला ती पोर्शे 356 स्पीडस्टर वाटते. ती पोर्शे नाही. ती फोक्सवॅगनची बीटल आहे, माझ्या मामाची. पोर्तुगीज अमलात गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. 1961च्या डिसेंबरनंतर तो दरवाजा बंद झाला आणि ज्या आल्या होत्या त्या लोकांनी ठोकून, जोडून, एकीचं काळीज दुसरीत बसवून पुढची तीस-चाळीस वर्षं पळवल्या. मर्सिडीजच्या टॅक्सीतून वऱ्हाड गेलेलं आमच्या पिढीनं पाहिलेलं आहे. मामाची बीटल त्यातलीच. ती माझ्या वाट्याला आली तेव्हा छप्पर गंजून चाळण झालं होतं, पण खालची जमीन, म्हणजे फ्लोअर पॅन, आश्चर्य वाटावं इतकी शाबूत होती.

1994 साली मी खाण कंपनीत स्टोअरकीपर होतो. हातात पगार होता, मूल व्हायचं होतं आणि डोक्यात एका जुन्या मासिकातला स्पीडस्टरचा फोटो होता. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2400 मिलिमीटर. 356चं 2100. म्हणजे पॅन मधोमध कापायचा, तीस सेंटिमीटरचा तुकडा फेकून द्यायचा आणि उरलेले दोन भाग वेल्ड करायचे. जगभर अशा प्रतिकृती याच पद्धतीनं बनतात. अंगासाठी मालिमच्या जेटीवर फायबरच्या होड्या करणारा एक मित्र होता. त्यानं लाकूड आणि प्लास्टरचा साचा घडवला, त्यावर मॅट आणि रेझिन चढवलं, आणि तीन महिन्यांनी एक होडी आमच्या अंगणात उतरली. होडीच म्हणायची, कारण त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. नाक अस्सल गाडीपेक्षा जरा जास्त उचललेलं, लाट कापायला निघाल्यासारखं. डावा दिवा उजव्यापेक्षा बोटभर वर. दाखवल्यावर तो म्हणाला, "पाण्यार घाल, सरळ जातली." पाण्यावर घाल, सरळ होईल.

तेव्हा आरटीओची रीतसर परवानगी घेऊन बदल चढवता येत. तसे ते चढवले, आरसी बुकात नोंद आहे. नंतर कायदा घट्ट होत गेला. कंपनीनं जसं केलं त्याहून वेगळं करायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019मध्ये स्पष्टच सांगितलं. आणि 2021मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए'वाली वेगळी नंबरप्लेट आली, तीही मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांनाच. बेबो ना धड जुनी, ना धड नवी. व्हिंटेजवाल्यांच्या मेळ्यात ती कडेला, शेवंतीच्या कुंड्यांपाशी उभी राहते आणि सगळी पोरं तिच्याचभोवती असतात. ते असो.

गुडघ्याचं कळल्यावर सल्ले आले. गाडी विकून टाक. इलेक्ट्रिक कर, मोटर आणि बॅटऱ्या टाक. हे सांगणाऱ्याला मी दोष देत नाही, त्यानं कधी हवेवर थंड होणारं इंजिन मागून ऐकलेलं नसणार. चार सिलिंडर आडवे झोपलेले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ना रेडिएटर, ना पाण्याचा पाइप. पट्ट्यावर फिरणारा एक पंखा, आणि सगळ्या आवाजाच्या मुळाशी तो पंखाच. शिलाई मशीन आणि मोटारसायकल यांचं लग्न लागल्यासारखा आवाज येतो. तो गेला तर उरतं काय, होडी. दुसरा सल्ला जास्त शहाणा होता. अपंग चालकांसाठी ऑटो-क्लचची किट मिळतात, ती बसव. मी तेच करणार होतो. तेवढ्यात आमच्या मेस्तानं, म्हणजे मिस्त्रीनं, एक जुनं चित्र समोर ठेवलं.

हा मेस्त माझ्याच खाणीतला. मी स्टोअरमध्ये, तो वर्कशॉपमध्ये. डंपरचे हब, बार्जचे शाफ्ट, कसलीही मोडतोड लेथवर धरून सरळ करणारा माणूस. 2018च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी घरी बसलो आणि त्यानं डिचोलीच्या बाहेर पत्र्याची शेड टाकली. गेट, ग्रील, ट्रॅक्टर, जे येईल ते. त्याच्या शेडमध्ये भिंतीवर गणपतीच्या कॅलेंडरशेजारी फोक्सवॅगनच्या जुन्या मॅन्युअलची एक फाटकी घडी टाचलेली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "कंपनीनंच केलंय. आपण कशाला नवं शोधायचं?"

ते होतं ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट. ऑटोस्टिक. 1968च्या मॉडेलपासून बीटलमध्ये मिळायला लागलं. गिअरबॉक्स साधाच, पुढचे तीन गिअर, आणि ते बदलायचे माणसानंच. फक्त क्लचचं पेडल नाही. इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलानं भरलेला एक गोल डबा. त्यामुळे गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. आणि गिअर बदलायच्या वेळचा क्लच? त्याची युक्ती मला आजही सुचली नसती. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी विजेचे दोन संपर्क असतात. दांड्यावर हात टेकून जरा जोर दिला की ते एकमेकांना चिकटतात, इंजिनाजवळचा एक व्हॉल्व्ह उघडतो, आणि इंजिनाचीच निर्वात ओढ नळीतून जाऊन एका पडद्याला खेचते. पडदा क्लच सोडवतो. हात काढला की क्लच आपोआप धरतो. म्हणजे पायाचं काम हाताच्या स्पर्शावर आलं.

पोर्शेनंही त्याच सुमारास 911मध्ये हीच कल्पना घातली, नाव स्पोर्टोमॅटिक. आणि आपल्याकडे 2014पासून स्वस्त गाड्यांत एएमटी आलं, तेही याच घरातलं. साधा गिअरबॉक्स, क्लच यंत्रानं मारायचा. बायकोची गाडी तीच. मेस्त म्हणाला, "वहिनी रोज चालवतात ते हेच. फक्त मेंदू वेगळा. तिथे कॉम्प्युटर, इथे रबराची नळी."

रबराची नळी हे त्यानं हसत सांगितलं होतं. नंतर त्या नळीनं आम्हाला रडवलं.

बॉक्स आला इंग्लंडमधून, स्विंडनहून. अर्धा गोवा स्विंडनला आहे, हे गोव्याबाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या शेजारणीचा मुलगा तिथल्या गोदामात काम करतो. त्यानं एका मोडीत निघालेल्या बीटलचा गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, मागचे आर्म, ॲक्सल, व्हॉल्व्ह, दांडा, रुंद ब्रेक पेडल, सगळं एका पेटाऱ्यात घालून बोटीनं पाठवलं. कस्टममध्ये किती गेले हे बायकोला मी जो आकडा सांगितला तो इथे लिहिता आला असता, पण ती हे वाचणार आहे.

काम पावसात सुरू झालं. पावसाळ्यात बेबो तशीही ताडपत्रीखालीच असते, छप्पर कापडी आणि काचा नावालाच. पहिली अडचण मागच्या ॲक्सलची. मामाच्या बीटलचा ॲक्सल जुन्या धाटणीचा, फक्त गिअरबॉक्सच्या बाजूला सांधा असलेला. ऑटोस्टिकला दोन्ही टोकांना सांधे लागतात. त्यासाठी मागच्या आडव्या नळीवर दोन ब्रॅकेट वेल्ड करायची, आणि ती तिरकी बसली तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी चालणार. मेस्तानं लेझर वगैरे काही आणलं नाही. पॅन सिमेंटच्या ओट्यावर पातळीत मांडला, पुढून मागे सुतळी ताणली आणि दोन ओळंबे सोडले. एक संपूर्ण दुपार तो फक्त बघत होता. पाऊस पत्र्यावर इतका आदळत होता की बोलणं अशक्य. मधेच उठून ओळंबा बोटानं थांबवायचा, परत बसायचा. संध्याकाळी त्यानं चार ठिपके टाकले, एकेक चण्याएवढा, आणि म्हणाला, "फाल्यां." उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुतळी ताणून ठिपके रात्रीत हलले नाहीत हे पाहिलं, मगच पूर्ण वेल्ड घातला. खाणीच्या दिवसांत या माणसाला आम्ही शिफ्टमागे सहा डंपर करायला लावत होतो.

मग कन्व्हर्टर. बीटलचं इंजिन काढणं-बसवणं हा एरवी पोरखेळ, गिअरबॉक्सला धरणारे बोल्ट चारच. पण ऑटोस्टिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी एक पातळ पत्रा येतो, आणि तो कन्व्हर्टरला आणखी चार स्क्रूंनी जोडावा लागतो, तेही एका छोट्या भोकातून. एक स्क्रू लावायचा, पुली हातानं पाव फेरा फिरवायची, पुढचं भोक समोर येईपर्यंत वाट पाहायची. तिसरा स्क्रू मेस्ताच्या बोटांतून निसटला आणि आत कुठेतरी टिंग करून गेला. त्या टिंगनंतर आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्यानं बिडी पेटवली, अर्धी ओढली, विझवली, मग स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक तारेला बांधून भोकातून आत सोडलं. वीस मिनिटं तो गळ टाकून बसल्यासारखा बसला होता. स्क्रू आला. मालिमचा मित्र तेव्हा तिथेच होता, म्हणाला, "असलो इसवण हांवें केन्नाच धरूंक ना." असला इसवण, म्हणजे सुरमई, मी कधी पकडला नाही.

गाडी सुरू झाली चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. तीन दिवस चालली आणि चौथ्या दिवशी तेल तपासायची काडी बाहेर काढली तर तेल खुणेच्या वर. इंजिनातलं तेल कमी होतं हे मी आयुष्यभर पाहिलं. वाढतं हे पहिल्यांदा. काळ्या तेलात तांबूस झाक होती. कन्व्हर्टरचं तेल वेगळं, लाल. त्याची टाकी मागच्या मडगार्डखाली. पण ते फिरवणारा पंप इंजिनाच्या तेलपंपाच्याच पाठीला जोडलेला, एकाच दांड्यावर दोन बिऱ्हाडं. मधलं सील गेलं की लाल तेल काळ्यात शिरतं. सील बदललं. मग व्हॅक्यूमच्या नळीला केसाएवढी चीर पडली आणि क्लच अर्धवट सुटू लागला, गिअर बदलताना दगड दळल्यासारखा आवाज. सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. या हवेत रबर टिकत नाही, हे बीटलच काय, छत्रीवालाही सांगेल.

जुन्या गाड्यांतले मित्र मात्र खट्टू झाले. एकानं, चांगला मित्र आहे, तोंडावर सांगितलं: क्लच नसलेली स्पीडस्टर म्हणजे सोवळं नेसून हॉटेलात जेवणं. मला त्याचा राग आला नाही, पण घरी येईपर्यंत उत्तरं सुचत राहिली. मुळात ही स्पीडस्टरच नाही. आणि अस्सल 356 तरी काय होती? 1948मध्ये पहिली बनली तेव्हा तिच्यात इंजिन फोक्सवॅगनचं, गिअरबॉक्स फोक्सवॅगनचा, चाकं अडकवलेली हाडंही फोक्सवॅगनचीच, पोर्शेनं फिरवून-घासून घेतलेली. त्या हिशेबानं मामाच्या बीटलवर चढवलेलं फायबर हे घराण्याच्या रीतीनंच झालं. हे त्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणून काय क्लच काढायचा?" याला उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढंच की मी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या पंचक्रोशीत वाढलो. तो देव मुळात पलीकडचा, दिवाडी बेटावरचा. तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदी ओलांडून नार्व्यात आलं, आणि 1668मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभं केलं. जागा नवी, भिंती नव्या, दीपस्तंभ नवा. मूळचा देव दिवाडीला होता म्हणून आमच्याकडे कुणी नवस बोलायचा थांबत नाही. गिअरबॉक्सची देवाशी तुलना करू नये, मान्य. पण हे सगळं डोक्यात एकाच वेळी फिरतं, त्याला इलाज नाही.

आता चालवण्याचं. मला वाटलं होतं, डावा पाय सुटला की सुटलो. ऑटोस्टिकचं ब्रेक पेडल रुंद असतं, जवळजवळ दोन पेडलांएवढं. पहिल्याच सकाळी डिचोलीच्या बाजारातून जाताना समोर सिग्नलसारखी म्हैस आली आणि माझा डावा पाय, सदतीस वर्षांच्या इमानानं, क्लच समजून त्या रुंद पेडलवर पूर्ण वजनानिशी पडला. बेबो जागच्या जागी थिजली. मागून सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, येत होता. त्याला पों वाजवायलाही वेळ मिळाला नाही. पाव टोपलीतच राहिले, दोन पोळ्या तेवढ्या उडून म्हशीपुढे पडल्या. तो काही बोलला नाही. मी दहाऐवजी पन्नासची नोट दिली, ती घडी करून खिशात ठेवताना त्यानं गाडीला आणि मला असं एकदा पाहून घेतलं की शिवी परवडली असती.

डाव्या पायाला मी सीटखाली दडवायला शिकवलं. पंधरा दिवसांत शिकला. हात शिकला नाही.

माझ्या पिढीचा प्रत्येक ड्रायव्हर गिअरच्या दांड्यावर हात ठेवूनच बसतो. मोकळा रस्ता, चौथा गिअर, आणि डावा हात दांड्याच्या मुठीवर, म्हाताऱ्याचा काठीवर असतो तसा. मला शिकवणाऱ्यानंही तसंच ठेवलं होतं. ऑटोस्टिकमध्ये हीच एक गोष्ट चालत नाही. हात टेकला, जरा भार पडला, की संपर्क जुळतो, क्लच सुटतो आणि इंजिन मोकळं भुंकायला लागतं. अस्नोड्याकडे जाताना चांगल्या वेगात असताना एकदम आवाज चढायचा, गाडी सैल पडायची, आणि मी आधी पंपाला, मग नळीला, मग स्विंडनच्या पोराला मनातल्या मनात दोष द्यायचो. मेस्त शेजारी बसून एक चक्कर आला. काही न बोलता त्यानं माझं मनगट धरलं आणि हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. आवाज गेला.

बायकोनं ही गाडी तीस वर्षांत एकदाही चालवली नव्हती. आधी तिला क्लच आवडत नव्हता, मग मी देत नव्हतो, मग कुणी विचारेना. ती ॲक्टिव्हावर शिकली आणि तिथून थेट तिच्या गाडीवर. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी तिच्या माहेरी, खोर्लीला जायचं होतं. माझा गुडघा रात्रभर ठणकला होता. ती म्हणाली, "अहो, किल्ली द्या." मी दिली. शेजारी बसून सूचना देत राहिलो: आधी एल, हो, तो फक्त चढावाला, आता एक, गावात एकच पुरतो, बदलताना पेट्रोल सोड. अर्ध्या किलोमीटरनंतर सूचनांची गरज संपली हे मला कळलं, पण मी थांबलो नाही. ती दांड्याला हात लावायची फक्त गिअर बदलताना. एरवी दोन्ही हात स्टिअरिंगवर, स्कूटरच्या हँडलवर असावेत तसे.

तिलाच हौस आली, नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडी, बेट ओलांडून पुन्हा फेरीबोट, जुनं गोवं, तिथून खोर्ली. नार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत उतरणं सोपं गेलं. पण दिवाडीला लागेपर्यंत ओहोटी पुरती झाली होती. धक्क्याचा उतार लांबच लांब उघडा पडलेला, खालच्या टोकाला हिरवं शेवाळ, त्यावर पाणी. मागे चार स्कूटर आणि भाजीचा एक टेम्पो. खलाशानं पाट खाली टाकला आणि हात हलवला. तिनं दांडा एलमध्ये ओढला, हात स्टिअरिंगवर परत नेला आणि हळूहळू पेट्रोल दिलं. पुढची चाकं पाटावरून शेवाळावर आली, नाक वर उचललं गेलं, मालिमच्या होडीसारखं. गाडी चढत होती.

आणि इंजिन किंचाळलं. ओढ गेली. बेबो वीतभर मागे घसरली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला, खलाशी ओरडला, "कितें जालें गे बाये?" तिनं ब्रेक दाबून धरला. न घाबरता, नीट. मग समोर बघतच म्हणाली, "हात."

मी खाली पाहिलं. शेजारच्या सीटवर बसलेल्या माझा उजवा हात दांड्याच्या मुठीवर होता. घट्ट.

"मांडीवर ठेवा," ती म्हणाली.

मी ठेवला. पिएदादची टेकडी चढून जाईपर्यंत तो तिथेच होता.